रोल धुवा, पण स्कॅन डोळ्यासमोर ठेवून

फिल्मचे कॅमेरे पुन्हा हाताहातांत दिसू लागले आहेत. पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. घराघरांतल्या कपाटांत पडून असलेले याशिका आणि झेनिट साफसूफ होऊन परत चालू होत आहेत. कॅमेरा मिळतो, रोलही मिळतो, पण डार्करूम मिळत नाही. एनलार्जर, ट्रे, लाल दिवा, ब्रोमाइड पेपर हा पसारा शहरातल्या फ्लॅटमध्ये मांडायचा कुठे? त्यामुळे आज बहुतेक कृष्णधवल रोलची वाट ठरलेली असते: टाकीत धुतला, वाळवला, स्कॅन केला आणि पुढचं काम कॉम्प्युटरवर.

गोंधळ होतो तो इथेच. रोल धुण्याच्या, म्हणजे डेव्हलप करण्याच्या, वेळा आणि त्यामागचे आडाखे कागदावर प्रिंट काढण्याच्या काळात ठरले. स्कॅनर कागदासारखा वागत नाही. ‘शेवटी स्कॅनच करायचं आहे, मग धुताना एवढं काटेकोर कशाला?’ असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘स्कॅनसाठी निगेटिव्ह अगदी पातळ, म्हणजे फिकटच हवं.’ दोघांचंही अर्धंच खरं आहे. सावल्यांना भरपूर प्रकाश द्या, रोल नेहमीपेक्षा किंचित कमी धुवा आणि धुळीला जवळ फिरकू देऊ नका, एवढंच सांगायचं आहे. मात्र हे तिन्ही का करायचं ते कळलं, तरच ऐन वेळी योग्य निर्णय घेता येतो.

निगेटिव्हवर नेमकं काय असतं?

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या क्षारांचे, अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडलं की ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. डेव्हलपर हे रसायन असा पुंजका असलेल्या स्फटिकाची चांदी करतं, आणि ही बारीक चांदी काळी दिसते. प्रकाश न लागलेले स्फटिक मागे उरतात. ते फिक्सर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांचा ‘हायपो’, विरघळवून काढून टाकतो.

प्रकाश जास्त पडला तिथे चांदी जास्त, म्हणून आकाश निगेटिव्हवर काळंकुट्ट येतं आणि झाडाखालची सावली जवळजवळ पारदर्शक राहते. आता डेव्हलपरमध्ये रोल जास्त वेळ ठेवला तर काय होईल? भरपूर प्रकाश मिळालेले भाग आणखी काळे होत जातील. सावल्या मात्र जवळपास आहेत तिथेच राहतील, कारण तिथे काळे व्हायला पुंजकेच नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सावलीतला तपशील कॅमेऱ्यातच ठरतो, उजळ भागांचा काळेपणा टाकीत ठरतो. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

काळेपणा मोजतात कसा?

त्यासाठी ‘डेन्सिटी’ हे माप आहे. खिडकीला एक पातळ पडदा लावला आणि बाहेरचा निम्माच प्रकाश आत आला, तर त्या पडद्याची डेन्सिटी ०.३. त्यावर तसाच दुसरा लावला तर चौथा हिस्सा आत येईल, डेन्सिटी ०.६. तिसरा लावला तर आठवा हिस्सा, ०.९. प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं म्हणजे फोटोग्राफीतला एक ‘स्टॉप’. म्हणजे दर ०.३ डेन्सिटीमागे एक स्टॉप.

साधारण चांगल्या निगेटिव्हमध्ये कोऱ्या पट्टीपासून महत्त्वाच्या उजळ भागापर्यंत फरक असतो १.२ च्या आसपास, म्हणजे चार स्टॉप. मध्यम ग्रेडचा फोटो-पेपर साधारण १.१ एवढाच फरक नीट पेलतो. म्हणून डार्करूमवाले धुण्याच्या वेळेबद्दल इतके कडक. निगेटिव्ह जरा जास्त काळं झालं की आकाश कागदावर पांढरंफटक येणार.

आजचा चांगला डिजिटल कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये १२ स्टॉपपेक्षा जास्त फरक टिपतो. १.८ डेन्सिटीचं जाड, म्हणजे गडद, निगेटिव्हसुद्धा त्याच्यासाठी सहाच स्टॉपचं काम. कागदासारखी तंगी इथे नाही.

मग काहीही चालेल का?

नाही. दोन्ही टोकांना वेगवेगळं दुखणं आहे.

निगेटिव्ह फार पातळ असेल, म्हणजे प्रकाश कमी पडला असेल, तर सावल्यांमधले फरक ०.०५ इतके क्षुल्लक उरतात. कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट ताणून तुम्ही ते मोठे करता तेव्हा त्यांच्याबरोबर फिल्मचे दाणेही, म्हणजे चांदीच्या कणांचा खरखरीत पोतही, ताणले जातात. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला राखाडी चिखल दिसतो तो याचाच.

निगेटिव्ह फार जाड असेल तर फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरला काळ्या भागातून पलीकडे पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक गोंगाट चित्रात उतरतो. निगेटिव्हचा काळा भाग म्हणजे फोटोतला उजळ भाग. म्हणून स्कॅनमधला हा गोंगाट सावलीत न दिसता आकाशात आणि पांढऱ्या सदऱ्यावर दिसतो. डिजिटल फोटोंची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं आणि ते दोष फिल्मला देतात.

जास्त धुतल्याने दाणेही ठळक होतात. थोडं कमी धुतलेलं, सपाट दिसणारं निगेटिव्ह डार्करूममध्ये कंटाळवाणं प्रिंट देईल. स्कॅन करताना तेच सोयीचं, कारण कॉन्ट्रास्ट नंतर हवा तेवढा चढवता येतो. फक्त सावल्या भरलेल्या हव्यात.

कॅमेऱ्यात काय करायचं

४०० आयएसओचा रोल, समजा इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, भरला की प्रकाश मोजणाऱ्या मीटरची चकती ४०० ऐवजी २५० वर लावा. भर दुपारच्या कडक उन्हात, जिथे पोर्चखालचा काळोख आणि रस्त्यावरचं ऊन एकाच फ्रेममध्ये येतं, तिथे २०० सुद्धा चालेल. डब्यावरचा वेग, म्हणजे हा आयएसओचा आकडा, एका ठरावीक डेव्हलपिंगला धरून मोजलेला असतो. आपण कमी धुणार आहोत, म्हणून तेवढा वेगही थोडा खाली येतो.

उन्हाकडे तोंड करून फोटो घेताना सरासरी मीटरवर भिस्त ठेवू नका. ज्या सावलीत तपशील हवा आहे तिच्याजवळ जाऊन मीटर वाचा आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्या. दोन स्टॉप कमी कशासाठी? कारण मीटर समोरची कोणतीही गोष्ट मध्यम राखाडी समजतो, आणि सावली ही राखाडीपेक्षा गडदच यायला हवी.

जुन्या कॅमेऱ्यांत एक छुपी भानगड असते. त्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. त्या आता बनत नाहीत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची घातली की बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो, आणि रोलच्या रोल अंधारे निघतात. मोबाइलमधल्या मीटरशी एकदा ताडून पाहावं.

रात्रीच्या लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवलं की, फिल्म मंदावते. एचपी५ वर मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्यावे लागतात.

आणि फिल्टर. रंगीत डिजिटल फोटो कृष्णधवल करताना आकाशाचा निळा नंतर गडद करता येतो. इथे ती सोय नाही, कारण फिल्मने रंगाची नोंदच ठेवलेली नसते. ढग उठून दिसायला हवे असतील तर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर काढतानाच लावायला हवा. पिवळ्याला साधारण एक स्टॉप, नारिंगीला दोन, लालला तीन स्टॉप प्रकाश वाढवावा लागतो. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधून वाचत असेल तर यातला बराच हिशेब तो स्वतः करतो, पण लाल फिल्टरबाबत त्याच्यावर पूर्ण भरवसा नको.

विमानप्रवासात न धुतलेले रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. सामानाच्या विभागातले क्ष-किरण आणि विमानतळांवर आलेली नवी सीटी यंत्रं, दोन्ही फिल्मवर धुकं चढवतात.

धुण्याची तयारी: रोल चढवणं

सामान मोजकं आहे. एका रोलची झाकणाची टाकी आणि रीळ, चेंजिंग बॅग (हात घालता येतील अशी प्रकाशबंद पिशवी), अर्ध्या अंशापर्यंत वाचता येईल असा थर्मामीटर, दोन मापं, तीन बाटल्या, दोन क्लिपा, कात्री आणि रोलची डबी उघडायला बाटलीचं ओपनर. ही मापं आणि बाटल्या पुन्हा स्वयंपाकघरात न्यायच्या नाहीत. हातमोजे घाला. डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ उठतं.

रोलचं पुढे आलेलं अरुंद टोक सरळ कापा, कोपरे किंचित गोल करा, मग बॅगेत सगळं घालून अंधारात रिळावर चढवा. प्लॅस्टिकच्या रिळात बारीक गोळ्या असतात. रीळ ओलं असेल तर त्या अडकतात आणि फिल्म मध्येच थांबते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बॅगेत हातांना घाम सुटतो आणि फिल्मचा थर चिकट होतो. फिल्म अडली तर जोर लावू नका. जोर लावला की फिल्म मुडपते आणि त्या जागी फोटोत कायमची चंद्रकोरीसारखी खूण उमटते. फिल्म आणि रीळ तसंच टाकीत ठेवा, टाकीचं झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लागा. रात्री दिवे बंद करून, दाराची फट टॉवेलने बुजवून बाथरूममध्ये रोल चढवणं बॅगेपेक्षा सोपं जातं.

कापलेलं टोक फेकू नका. डेव्हलपर जिवंत आहे का, हे त्याच्यावरून कळतं. उजेडातच एक तुकडा डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत तो गडद काळा झाला तर ठीक. फिकट राखाडीच राहिला तर डेव्हलपर फेकून द्या, रोल त्यात घालू नका.

डेव्हलपर आणि तापमान

सुरुवातीला इलफर्ड आयडी-११ किंवा कोडॅक डी-७६ घ्या. दोन्ही जवळजवळ एकच आहेत. डी-७६ चं सूत्र १९२७ पासून चालत आलं आहे: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. तयार पावडर विरघळवून जे मिळतं त्याला ‘स्टॉक’ म्हणतात. तो गळ्यापर्यंत भरलेल्या घट्ट बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच महिने, कारण हवा त्याची वैरी. एक मोठी बाटली भरण्याऐवजी चार छोट्या भरा.

वापरताना स्टॉक आणि पाणी सारखं मिसळा आणि एकदा वापरून ओतून टाका. ३०० मिलीच्या टाकीला १५० मिली स्टॉक, १५० मिली पाणी. एचपी५ प्लससाठी इलफर्ड या मिश्रणाला २० अंशांवर १३ मिनिटं सांगते. स्कॅनसाठी, आणि फिल्म २५० वर वापरली असेल तर, ११ मिनिटं धरा. म्हणजे सुमारे १५ टक्के कपात. याहून फार कमी करू नका. मधले टोन एकमेकांत मिसळून चेहरे पिठूळ दिसायला लागतात.

२० अंश ही आपल्याकडची खरी अडचण. एप्रिलमध्ये नळाचं पाणीच तिशीपार असतं. यावर स्टॉक आणि पाणी निम्मे-निम्मे असण्याचा फायदा घ्या. स्टॉक ३० अंशांवर असेल तर फ्रिजमधलं १० अंशांचं पाणी तेवढंच मिसळा. सरासरी २० येते. स्टॉक आणखी गरम असेल तर पाणी तेवढंच थंड हवं. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकायचा नाही, तो वितळून प्रमाण बिघडवतो. टाकी १९-२० अंशांच्या पाण्याच्या घमेल्यात उभी ठेवा, नाहीतर ११ मिनिटांत खोलीची गरमी तिच्यात शिरते.

एवढं थंड जमलंच नाही तर २४ अंशांवर धुवा आणि वेळ कमी करा. ११ मिनिटांची जागा साधारण पावणेआठ मिनिटं घेतील. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाता कामा नये. डेव्हलपर ओतायला आणि काढायला जे सेकंद लागतात ते एवढ्या छोट्या वेळेत जड ठरतात आणि आकाशात पट्टे येतात.

टाकीतली पंचवीस मिनिटं

डेव्हलपर एका दमात ओता, झाकण लावा आणि घड्याळ सुरू करा. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा, मग ओट्यावर दोन-तीनदा टकटक आपटा. हे आपटणं विसरू नका. फिल्मला चिकटलेला हवेचा बुडबुडा तेवढी जागा धुऊ देत नाही आणि फोटोत नेमका गोल काळा डाग येतो. पुढे दर मिनिटाला पहिल्या १० सेकंदांत चार वेळा टाकी उलटायची. टाकी जोरजोरात हलवली तर कडेच्या भोकांमधून डेव्हलपर उसळतो आणि भोकांच्या रांगेत फिकट पट्टे फोटोत उतरतात. स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट चढवला की हे पट्टे आणखी बोलू लागतात, म्हणून हात संथ ठेवा आणि प्रत्येक रोलला सारखा ठेवा.

वेळ संपायच्या १० सेकंद आधी ओतायला लागा. मग स्टॉप बाथ. बाजारातला तयार घ्या किंवा लिटरला साधारण १५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. अर्धा मिनिट पुरे. त्याने डेव्हलपर जागच्या जागी थांबतो आणि फिक्सर लवकर खराब होत नाही.

रॅपिड फिक्सर एकास चार पाणी. किती वेळ? इथेही ते कापलेलं टोक कामी येतं. एक कोरडा तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि दुधी रंग जाऊन तो स्वच्छ पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. टी-मॅक्स आणि डेल्टा यांच्यासारख्या चपट्या स्फटिकांच्या फिल्मना तिप्पट. ताज्या फिक्सरला लागला त्याच्या दुप्पट वेळ तुकडा साफ व्हायला लागू लागला, की तो फिक्सर संपला. टी-मॅक्सवर जांभळट झाक उरली तर फिक्सिंग किंवा शेवटचं पाण्याने धुणं कमी पडलं आहे. ती झाक स्कॅनमध्ये फारशी आड येत नाही, पण अर्धवट फिक्स झालेलं निगेटिव्ह काही वर्षांत डागाळतं.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत ओतू नका. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या. फिल्मचे एक्स-रे काढणारी केंद्रं आपला वापरलेला हायपो अशाच लोकांना विकत आली आहेत.

शेवटी पाणी. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. वाहत्या नळाखाली अर्धा तास ठेवण्याची गरज राहत नाही, आणि पाणी कमी असलेल्या गावात ही पद्धत अगदी चपखल बसते.

निगेटिव्ह वाचायला शिका

बिघाड कॅमेऱ्यात झाला की टाकीत, हे फिल्मची कडच सांगते. तिथले फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आकडे ठसठशीत काळे आणि चित्रं पातळ असतील तर प्रकाश कमी पडला. धुणं बरोबर होतं. आकडेही फिकट आणि चित्रंही फिकट, तर धुणं कमी पडलं: डेव्हलपर जुना, थंड किंवा वेळ कमी. आकडे स्वच्छ पण चित्रं मुळीच नाहीत, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही. संपूर्ण पट्टी काचेसारखी कोरी, आकडेही गायब? मग डेव्हलपर मेलेला होता किंवा त्याच्याआधी फिक्सर ओतला गेला. मधेच दुधी, अपारदर्शक चट्टा असेल तर रिळावर फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. चट्टा पुन्हा फिक्स केला तर साफ होतो, पण तिथलं चित्र परत येत नाही.

धूळ: स्कॅनचा खरा शत्रू

रंगीत फिल्मसाठी अनेक स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसण्याची सोय असते. ती इन्फ्रारेड प्रकाशावर चालते: रंगीत फिल्मच्या रंगांमधून इन्फ्रारेड आरपार जातो, धुळीतून जात नाही, म्हणून यंत्राला धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं, आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही आणि ते चित्राचेच लचके तोडतं. म्हणून ही सोय बंद ठेवायची. अपवाद इलफर्ड एक्सपी२ सुपरचा. ती रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जाते आणि शेवटी तिच्यात चांदी उरत नाही.

मग एकच उपाय, धूळ बसूच न देणं. शेवटच्या पाण्यासाठी नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. जड पाण्यातला क्षार वाळून पांढरे ओघळ ठेवतो आणि स्कॅनमध्ये ते हमखास दिसतात. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात फोटो-फ्लोसारखं ओलावणारं द्रव्य लिटरला ५ मिली घाला आणि रोल त्यात अर्धा मिनिट ठेवा. जास्त घातलं तर त्याचाच चिकट थर बसतो.

वाळवायला घरातली सगळ्यात कमी धुळीची खोली म्हणजे बाथरूम. आधी गरम पाणी सोडून वाफ करा, ती खाली बसताना हवेतली धूळ घेऊन बसते. मग फिल्म वरून क्लिपने टांगा, खाली वजनाची क्लिप लावा, दार बंद करा आणि दोन-तीन तास कोणाला आत जाऊ देऊ नका. पंखा लावायचा नाही. बोटांनी किंवा स्पंजने पुसायचंही नाही, कारण ओला जिलेटिन नखाच्या स्पर्शानेही ओरखडतो. पावसाळ्यात रात्रभर लागली तरी पूर्ण वाळू द्या. ओलसर फिल्म प्लॅस्टिकच्या पाकिटात गेली की बुरशी आलीच.

स्कॅनमधले डाग कुठून आले हे रंगावरून कळतं. पांढरा ठिपका म्हणजे स्कॅनच्या वेळी फिल्मवर बसलेली धूळ, फुंकणीने उडवून पुन्हा स्कॅन करा. काळा ठिपका म्हणजे फोटो काढताना फिल्मवर असलेली धूळ किंवा धुतानाचा बुडबुडा. तो कॉम्प्युटरवरच बुजवावा लागणार.

स्कॅनरने की कॅमेऱ्याने?

३५ मिमीची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. इंचाला २४०० बिंदूंनी स्कॅन केली तर सुमारे ७.७ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तपशील त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. आकडा वाढवून फक्त फाइल फुगते. १२० या रुंद रोलच्या मोठ्या निगेटिव्हला फ्लॅटबेड छान पुरतो. ३५ मिमीसाठी माझा कौल डिजिटल कॅमेऱ्याला. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि खऱ्या आकारात टिपणारी मॅक्रो लेन्स असेल तर इंचाला सुमारे ४२०० बिंदू मिळतात, आणि दर फ्रेमला काही सेकंद लागतात.

खाली एलईडीचं लाइट पॅनल, वर फिल्म सपाट धरणारा होल्डर, त्यावर स्टँडला खाली तोंड करून लावलेला कॅमेरा. फिल्म पॅनलला टेकवू नका, काही सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर पॅनलचा पोत आणि त्यावरची धूळ चित्रात येते. पसरट, विखुरलेला प्रकाश बारीक ओरखडेही लपवतो. फ्रेमच्या बाजूने येणारा पॅनलचा उजेड काळ्या कागदाने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा. हा फुकटचा उजेड कॉन्ट्रास्ट खातो. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं.

फिल्मची मंद, थराची बाजू लेन्सकडे ठेवा आणि चित्र नंतर आडवं पलटवा. फोकस चित्रावर न करता मोठं करून दाण्यांवर करा. ॲपर्चर एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. स्वस्त एलईडीमुळे पट्टे आले तर शटर १/३० किंवा त्याहून संथ करा.

एक्स्पोजर ठरवायचा कोऱ्या पट्टीवरून. चित्रांमधली मोकळी फिल्म ही सगळ्यात उजळ जागा. ती पांढरीफटक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. असं केल्याने निगेटिव्हच्या काळ्या भागांनाही जास्तीत जास्त प्रकाश मिळतो आणि आकाशातला गोंगाट जातो. तोच एक्स्पोजर पूर्ण रोलभर ठेवा, म्हणजे कुठली फ्रेम खरंच पातळ आहे ते लगेच दिसेल.

स्कॅनर वापरत असाल तर १६-बिट राखाडी निवडा, शार्पनिंग आणि ऑटो-कॉन्ट्रास्ट बंद करा, आणि काळा-पांढरा बिंदू उजेडाच्या आलेखाच्या (हिस्टोग्रामच्या) दोन्ही टोकांच्या थोडा बाहेर ठेवा. स्कॅन सपाट आणि मरगळलेला दिसेल. तसाच हवा. चित्र उलटवून कर्व्हने कॉन्ट्रास्ट चढवणं हे पुढचं काम.

‘अंधारात ४०० चा रोल १६०० ने काढला आणि जास्त धुतला तर?’

याला पुश करणं म्हणतात. जास्त धुतल्याने मधले आणि उजळ भाग वर येतात, सावल्या गेल्या त्या गेल्याच. स्कॅनमध्ये तर कॉन्ट्रास्ट असाही चढवता येतो, म्हणून थोड्याशा पुशसाठी फार जास्त धुण्याचा लाभ कमी आणि दाण्यांचा तोटा जास्त. एक स्टॉप कमी पडला असेल तर नेहमीसारखाच पूर्ण वेळ धुवा, आपली १५ टक्के कपात फक्त सोडून द्या. दोन स्टॉप कमी असतील तर मात्र धुण्याची वेळ वाढवावीच लागते.

‘एवढं करण्यापेक्षा डिजिटल फोटोच कृष्णधवल केला तर?’

सोय हवी असेल तर खुशाल करा. फिल्मची खरी देणगी उजळ भागांत आहे. डिजिटल सेन्सर एका मर्यादेनंतर एकदम पांढरा होतो. फिल्म हळूहळू दमते, म्हणून खिडकीतून येणारं ऊन, मंडपातले दिवे, पांढरी साडी यांच्यात टोन टिकून राहतात. आणि निगेटिव्ह हाताशी असतं. दहा वर्षांनी स्कॅन करायचं साधन सुधारलं की तेच निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करता येतं. पुण्यात १९६४ पासून असलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुन्या चित्रपटांच्या रिळांना एवढं जपतं, ते यामुळेच: डिजिटल प्रत कितीदाही करता येते, मूळ फिल्म एकदाच.

लॅबकडे देत असाल तर

रोल देतानाच चार गोष्टी सांगा. निगेटिव्ह परत हवं आहे, कारण काही ठिकाणी स्कॅन पाठवून निगेटिव्ह टाकून दिलं जातं. रोल कुठल्या वेगाने वापरला. स्कॅन १६-बिट टिफ फाइलमध्ये आणि कॉन्ट्रास्ट न चढवता हवा. आणि पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापून पाकिटात घालून हव्यात, गुंडाळून नकोत. गुंडाळी घातलेली फिल्म होल्डरमध्ये सपाट बसत नाही आणि कडा फोकसबाहेर जातात. पाकिटं पॉलिप्रोपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. त्यांच्यावर तारीख, फिल्म, वेग, डेव्हलपर आणि धुण्याची मिनिटं लिहा. पुढचा रोल किती मिनिटं धुवायचा, हे त्यावरूनच ठरवायचं.